भाड्याच्या घरात पाहुण्यांवरून वाद होऊ नये म्हणून करारात काय लिहून घ्यावं

सोलापुरात मी सोळा वर्षांत सात घरं बदलली. जुळे सोलापूर, सैफुल, होटगी रोड, मग परत जुळे सोलापूर. त्यातली दोन घरं निव्वळ पाहुण्यांपायी सुटली. आता ओळखीतलं कुणी घर घ्यायला निघालं की सही करायच्या आधी करार माझ्याकडे पाठवतात. घर कसं शोधायचं, एजंटला किती द्यायचे, ते इथे सांगत बसत नाही.

आधी एक खूळ डोक्यातून काढा. ‘प्रायव्हसी हा माझा मूलभूत हक्क आहे’ असं मालकाला सुनावून काहीही होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी तो हक्क मान्य केला हे खरं, पण तो प्रामुख्याने सरकारपुढे उभा करायचा हक्क आहे. खालच्या मजल्यावर राहून टाकीतल्या पाण्यावर नजर ठेवणाऱ्या काकांशी तुमचं जे काही आहे ते करारातून ठरतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चाळून पाहा, पाहुण्यांवर एक कलम नाही. पोटभाडेकरूंबद्दल आहे. पाहुणा कुठे संपतो आणि पोटभाडेकरू कुठे सुरू होतो ती रेघ कायद्याने ओढलेली नाही. तुम्ही ओढली नाहीत तर मालक ओढतो, आणि तो ती आपल्या सोयीने ओढतो.

घर बघताना

तीनच गोष्टी बघा: मालक कुठे राहतो, जिना सामाईक आहे का, टाकी कुणाकुणात आहे. बाकी रंग-फरशी दिसतेच.

करार नोंदवून घ्या

‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ असं किमान तीन जण सांगतील, त्यातला एक एजंट असेल. साफ चूक. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर नुसतं वापरायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून कामाचं म्हणजे, नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरतात, मालक उलटं सिद्ध करेपर्यंत. हे मालकाला आवाज न चढवता सांगा, बहुतेक जण तयार होतात. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर ०.२५ टक्के (डिपॉझिटचं व्याज धरून थोडं वाढतं) आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. नोंदणी ऑनलाइन असते, अंगठ्याचा ठसाही घरबसल्या देता येतो. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, त्यावर खूश होऊ नका.

पाहुण्यांचं कलम

माझं पहिलं घर पहिल्या मजल्यावर होतं, मालक खाली. करारात लिहिलं होतं, ‘भाडेकरूने जास्त दिवस पाहुणे ठेवू नयेत.’ मी वाचलं आणि मनात म्हणालो, बरंच झालं, आकडा नाही म्हणजे आपल्याला मोकळीक. सही केली. पुढच्या उन्हाळ्यात मंगळवेढ्याहून मामा ऑपरेशनसाठी आले, मामी सोबत. आठव्या दिवशी मालकांनी जिन्यात गाठलं. “काय ओ सर, मामा अजून हायतच का?” बाराव्या दिवशी नळाला पाणी आलं आणि मोटर चालूच केली नाही. एकोणिसाव्या दिवशी मामा टाके काढून गेले. घर सोडताना डिपॉझिटमधून दोन महिन्यांचं भाडं कापलं होतं. कारण लिहिलं होतं, ‘जादा इसम राहिल्याबद्दल’. ‘जास्त दिवस’ म्हणजे किती? त्यांच्या मते पाच. वहीतही तसंच लिहून ठेवलेलं. माझ्याकडे वहीही नव्हती आणि पैसेही त्यांच्याकडे. मोघम शब्दाचा अर्थ डिपॉझिट ज्याच्या हातात असतं तोच लावतो.

म्हणून आकडा लिहा. ऑनलाइन नोंदणीचा मसुदा ठरलेला असतो, एजंट त्यात नावं आणि रकमा भरून मोकळा होतो. जादा अटी लिहायची जागा असते, तिथे हे वाक्य टाकायला सांगा. कुरकुर करेल, करू द्या. मी आता हे लिहून घेतो:

‘रात्री मुक्काम करणारे पाहुणे सलग सात रात्रींपर्यंत राहू शकतील. त्याहून जास्त दिवस राहणार असल्यास भाडेकरू मालकास मोबाइलवर लेखी कळवेल. आजारपण व बाळंतपण यांस ही मर्यादा लागू नाही. भाडेकरूचे आईवडील, सासू-सासरे व मुले पाहुणे समजले जाणार नाहीत. दिवसा येणाऱ्या-जाणाऱ्यांवर बंधन नाही.’

यातला खरा लढा ‘कळवेल’ या एका शब्दावर होतो. मालक किंवा एजंट तिथे हळूच ‘परवानगीने’ घालतात आणि म्हणतात, एकच की ओ. एकच नाही. कळवणं म्हणजे तुम्ही सांगितलं, काम झालं. परवानगी म्हणजे तुमची बहीण रात्री साडेनऊच्या गाडीने उतरली आणि मालक फोन उचलत नाहीत, तर ती स्टेशनवर बसणार. माझ्या दुसऱ्या घरात मी हा शब्द सोडून दिला. माणूस गोड होता, वहिनी शेंगा चटणी पाठवायच्या, नाही कशाला म्हणतील, असं वाटलं. गड्ड्याच्या यात्रेला गावाकडून चुलतभाऊ दोघं आले. नंदीध्वजांची मिरवणूक बघून रात्री परतलो तर फाटकाला आतून कुलूप. मालक खिडकीतून म्हणाले, “विचारलं नव्हतं तुम्ही.” कागद त्यांच्या बाजूने होता. ती रात्र तिघांनी मित्राच्या खोलीवर काढली. तेव्हापासून ‘परवानगी’ दिसली की मी पेन खाली ठेवतो. दुसरं सगळं सोडा, हा शब्द सोडू नका.

‘वेळोवेळी मालक सांगतील ते नियम पाळावे लागतील’ असं एखादं वाक्य शेवटी चिकटवलेलं असतं. ते खोडून टाका, नाहीतर वरचं सगळं लिहिलेलं वाया गेलं. ‘अविवाहित भाडेकरूकडे मुली येणार नाहीत’ हेही काही जण घालतात. दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत बसून चहा पिणं हा कुठल्याही कायद्याने गुन्हा नाही, पण सही केलीत की तो तुमचा करारभंग ठरतो. ही अट मान्य नसेल तर आधीच नाही म्हणा. सही करून मग चोरून वागणं हा सगळ्यात वाईट मार्ग, कारण मग बाकीच्या अटींवरही तोंड उघडता येत नाही.

आता मालकाची बाजू. आपल्याकडे पाहुण्यांचं दुखणं नव्वद टक्के वेळा अब्रूचं नसून पाण्याचं असतं. चार-चार, पाच-पाच दिवसांनी नळाला पाणी येणार, टाकी दोन कुटुंबांत, आणि तुमच्याकडे चार माणसं वाढली की तिसऱ्या दिवशी खालच्यांची बादली कोरडी. मी हे स्वतःहून काढतो: पाहुण्यांच्या काळात टँकर मागवावा लागला तर अर्धे पैसे माझे, लिहा करारात. एवढं म्हटलं की ‘परवानगी’चा हट्ट निम्मा गळतो. एका मालकाने तर सात रात्रींच्या दहा केल्या.

किल्ली आणि आत येणं

भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २८ मालकाला घर तपासायचा हक्क देतं, पण आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी. करारात ‘२४ तास आधी मोबाइलवर कळवून, भाडेकरूच्या उपस्थितीत’ असं लिहून घ्या. गळती किंवा आग असेल तर अपवाद. ‘जादा किल्ली मालकाकडेच राहते’ असा काही कायदा नाही. मी आल्या आल्या स्वतःचं कुलूप बसवतो आणि तसं करारात आधीच सांगून ठेवतो. फाटकावर, जिन्यात कॅमेरा चालेल; तुमच्या दारातून आतलं दिसेल असा कोन चालणार नाही, वळवून घ्या. न्हाणीघराकडे किंवा खोलीकडे रोखलेला कॅमेरा ही मात्र भांडणाची नाही, तक्रारीची बाब आहे. स्त्रीचं खासगी अवस्थेतलं चित्रण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे.

पोलिसांत माहिती

मालकाने भाडेकरूची माहिती पोलिसांना दिली की झालं. ती भाडेकरूची असते, दोन रात्रींसाठी आलेल्या आत्याचं आधारकार्ड मागितलं तर देऊ नका. तुमचंही मास्क्ड आधार द्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

पाहुणे आले की

व्हॉट्सॲपवर एक ओळ: ‘काका, भाऊ-वहिनी आलेत, रविवारी जातील.’ सात रात्रींच्या आत गरज नसली तरी टाका. उत्तर नाही आलं तरी चालेल.

तरीही बिनसलं तर

तोंडी भांडू नका. मालक जिन्यात जे बोलले ते त्याच दिवशी मेसेजवर लिहा: ‘आज तुम्ही म्हणालात की उद्यापासून पाणी बंद.’ नाकारलं नाही तर ती नोंद झाली. सबळ कारणाशिवाय पाणी-वीज तोडायला भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ मनाई करतं, पण त्या कलमात शब्द ‘भाडेकरू’ आहे आणि लिव्ह अँड लायसन्सच्या कागदावर आपण ‘लायसन्सी’ असतो. वकील यावर तासभर बोलतात. तो तास वाचवायचा तर ‘पाणी व वीज कोणत्याही वादात बंद करणार नाही’ एवढं करारातच घ्या. मालक नुसता आत डोकावला म्हणून चौकीत गेलात तर ‘हा दिवाणी मामला आहे’ हे ऐकायची तयारी ठेवा. धमकी दिली, सामान बाहेर टाकलं, तर जरूर जा आणि मेसेज दाखवा.

आणि कॅलेंडर बघा. नवव्या महिन्यात भांडण उकरून काढलंत तर मालकाला काहीच करावं लागत नाही, अकरावा संपला की नवा करार करत नाही. मुदत संपल्यावर अडून बसाल तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट भाडं मोजावं लागतं. मी नवव्या महिन्यात गप्प बसतो आणि दुसरं घर बघायला लागतो.

घर सोडताना मालकाचं जुनं कुलूप परत बसवा, किल्ल्या मोजून द्या, तिथेच रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा आणि डिपॉझिटचा हिशोब कागदावर मागा. ‘जादा इसम’ असं काही दिसलं तर पाहुण्यांच्या मेसेजांची यादी त्याच वेळी पुढे करा, जिना उतरायच्या आधी.