विणकाम आणि वाचन : या चुका टाळा (माझ्या करून झाल्या आहेत)

दिवाळी झाली, नागपुरात सकाळी जरा गार वाटायला लागलं की मला फोन सुरू होतात, काकू विणकाम शिकायचंय. बायकांचे तर असतातच, हल्ली एकदोन पोट्ट्यांचेही येतात. चांगलंच आहे. पण संक्रांतीपर्यंत त्यातल्या अर्ध्या जणांची लोकर कपाटात आणि नवीन वर्षाची पुस्तकं उशाशी धूळ खात. दरवर्षी त्याच चुका सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाचं लिहून टाकते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नमुना न विणता थेट स्वेटरचे टाके घालणं. "एवढासा चौकोन विणून लोकर कशाला वाया घालवायची?" अगं वाया कुठे जाते, उसवता येते ना! माझंच ऐका. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ पर्यंत उतरला होता, आठवत असेल, तेव्हा मी भाच्याचा स्वेटर घाईघाईत विणायला घेतला होता. व्हिडिओतली बाई अमेरिकेची, ती म्हणाली ८ नंबरच्या सुया, माझ्याकडे सासूबाईंच्या ८ नंबरच्या होत्याच, बसले विणायला. आता गोम अशी की आपल्याकडच्या सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी मापाचे, नंबर वाढला की सुई बारीक होते, आणि अमेरिकेत बरोबर उलटं. आपली ८ म्हणजे ४ मिलिमीटर, त्यांची ८ म्हणजे ५. तिचे १० सेंटिमीटरमध्ये १८ टाके बसत होते, माझे बसले २२. पाठ ४० सेंटिमीटर व्हावी म्हणून ७२ टाके घातले, झाली ३३ पेक्षाही कमी, पुढचा भागही तसाच, म्हणजे घेरात जवळजवळ १५ सेंटिमीटरचा फटका. आणि हे कळलं कधी, तर बाह्या जोडून झाल्यावर. पोरगं डोकं आत घालून अडकलं, दोन्ही हात वर, आतून ओरडून राहिलं "मावशी काढ ना!" आणि बहीण हसून हसून खाली बसली. पुढच्या तीन संध्याकाळी उसवण्यात गेल्या, लोकर मॅगीसारखी कुरळी झालेली, ती धुऊन ओली लडी खुंटीला टांगून सरळ केली.

तेव्हापासून मी ३० टाके, ३० ओळी विणते, धुते, वाळवते आणि कडेचे टाके सोडून मधलेच मोजते. नंबरावर विश्वास नाही, मिलिमीटर बघते. ज्यांना एवढाही धीर नाही त्यांनी मफलर विणावा, मफलर कोणालाही होतो.

बाकीच्या चुका पटकन सांगते. लोकर घेताना गुंड्याच्या पट्टीवर शेड नंबरसोबत लॉट नंबरही (एका खेपेत रंगवलेल्या लोकरीचा असतो तो) जुळवा आणि लागेल ती सगळी एकदमच घ्या, नाहीतर एक बाही उन्हात वेगळी दिसते. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री अजिबात नको, लुळं पडतं ते कायमचं. ओला स्वेटर दोरीवर टांगू नका. टाका सुटला तर रडू नका, क्रोशाच्या सुईने एकेक ओळ वर आणा.

आता वाचन. "यावर्षी ५२ पुस्तकं" वाले लोक मला कळतच नाहीत. मार्चमध्ये मागे पडतात, मग बारीक बारीक पुस्तकं शोधतात, मग दहा मिनिटांचे सारांशाचे व्हिडिओ बघून तेही मोजतात. सावजीच्या भाजीचा वास घेऊन जेवलो म्हणण्यातला प्रकार आहे हा.

दुसरं म्हणजे एकाच जातीचं वाचणं. मी स्वतः कित्येक वर्षं फक्त कादंबऱ्या वाचल्या. मग एकदा लायब्ररीत हवी ती मिळाली नाही म्हणून कापसावरचं एक पुस्तक उचललं, कापूस संशोधनाची केंद्रीय संस्था १९७६ पासून आपल्याच गावात आहे तरी मला त्यातलं शून्य माहीत. त्यात वाचलं की सुती धाग्याला लोकरीसारखी लवचीकता नसते, ताणला की पुरता परत येत नाही. आणि डोक्यात लख्ख उजेड! माझ्या सुती जॅकेटचा काठ दर उन्हाळ्यात का ढिला पडत होता, आणि मी उगाच माझ्या हाताला दोष देत होते. आता सुती काठ दोन साइझ बारीक सुईवर विणते.

दोन्ही एकदम करायचं असेल तर विणताना ऐका, पण वीण साधी हवी. जाळीची वीण आणि रहस्यकथा एकत्र नको. लोकमान्य नगरहून मेट्रोने येताना मी हे केलंय, झाशी राणी चौकात उतरायचं ते सीताबर्डी गेलं तरी पत्ता नाही आणि ओळीत चार टाके जास्तीचे.

हो, आणि सुई पुस्तकात खूण म्हणून ठेवू नका, शिवण उसवते. पुस्तक कोणाला दिलं तर वहीत तारीख टाका. माझं एक २०१९ पासून धंतोलीत आहे, ज्यांच्याकडे आहे त्या हे वाचतीलच.