स्कॅन केलेल्या कागदपत्रांत शब्द शोधायचा असेल तर

उलटतपासणी चालू आहे, साक्षीदाराचं जबाबातलं नेमकं वाक्य हवंय, आणि तीनशे पानांच्या पीडीएफमध्ये सर्च केलं तर काहीच सापडत नाही. स्कॅन केलेलं पान संगणकासाठी नुसता फोटो असतो, म्हणून. वकील मित्रांनो, फाइल हातात आली की लगेच तिचं ओसीआर करून ठेवा, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून ती शोधता येईल अशा मजकुरात बदलून घ्या.

१. स्कॅन ३०० डीपीआयवर (स्कॅन किती स्पष्ट येईल ते ठरवणारं स्कॅनरमधलं सेटिंग) करा, पानं सरळ ठेवून.
२. अ‍ॅडोबीच्या अ‍ॅक्रोबॅट या पीडीएफ सॉफ्टवेअरच्या सशुल्क आवृत्तीत ओसीआरची सोय आहे, पण त्यात मराठी चालतं का ते आधी तपासा. फुकट हवं असेल तर ओसीआरमायपीडीएफ (OCRmyPDF) हे सॉफ्टवेअर उत्तम. फक्त ते कमांड टाइप करून चालतं, त्यामुळे एकदा जाणकाराकडून बसवून घ्या.
३. भाषा निवडताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही घ्या. मराठी राहिली तर त्या मजकुराच्या जागी निरर्थक अक्षरं येतात आणि सगळी मेहनत वाया जाते.
४. जबाब, पंचनामा, करार, प्रत्येकाच्या पहिल्या पानाला बुकमार्क द्या. कंटाळवाणं काम आहे, पण कोर्टात उभं राहिल्यावर याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो.

हस्ताक्षर आणि पुसट शिक्के ओसीआरला नीट वाचता येत नाहीत. सर्चमध्ये शब्द आला नाही म्हणजे तो कागदावर नाहीच, असं धरून चालू नका. महत्त्वाची पानं डोळ्यांनी वाचाच.

आणि अशिलाची कागदपत्रं कुठल्याही फुकट वेबसाइटवर चढवू नका. ओसीआर आपल्याच संगणकावर करा.