शोधलेला खरेदीदार बिलात का येत नव्हता

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका गाळ्यावर सी शार्प ही प्रोग्रामिंगची भाषा आणि विंडोज फॉर्म्स हे खिडक्या बनवायचं साधन वापरून लिहिलेला बिलाचा जुना प्रोग्राम चालतो. 'खरेदीदार शोधा' दाबलं की दुसरी खिडकी उघडते. नाव निवडून ओके केलं की ती बंद होते, पण बिलातला रकाना कोराच. एररही नाही. दिवाणजी नावं हाताने टाइप करत, आणि एकाच माणसाची वेगवेगळी स्पेलिंगं खात्यात जमा होत.

कोड उघडला. ओकेच्या बटणामागे 'न्यू बिलफॉर्म' अशी ओळ, आणि नाव त्याच्या रकान्यात भरलेलं. न्यू म्हटलं की त्या क्लासचा, म्हणजे साच्याचा, नवा कोरा ऑब्जेक्ट, म्हणजे त्या साच्यातली वेगळी प्रत, तयार होतो. म्हणजे नाव भरलं जात होतं, पण कुणालाच न दिसणाऱ्या दुसऱ्या बिलात.

बरेच जण इथे स्टॅटिक व्हेरिएबल, म्हणजे सगळ्या खिडक्यांना सामायिक असलेली एकच जागा, टाकून मोकळे होतात. मला ते पटत नाही; दोन बिलं एकदम उघडी असली की एकाचं गिऱ्हाईक दुसऱ्यात शिरतं. मी शोधखिडकीलाच 'निवडलेला खरेदीदार' ही प्रॉपर्टी, म्हणजे बाहेरून वाचता येणारा रकाना, दिली. बिल तिला शोडायलॉगने, म्हणजे ती बंद होईपर्यंत थांबून, उघडतं आणि उत्तर ओके आलं की त्याच ऑब्जेक्टची प्रॉपर्टी वाचतं. अशी खिडकी बंद केली तरी नुसती लपते, ऑब्जेक्ट शाबूत असतो, म्हणून वाचता येतं. म्हणूनच ती यूजिंग ब्लॉकमध्ये ठेवायची, म्हणजे काम झालं की आपोआप डिस्पोज होते, तिने अडवलेली साधनं मोकळी होतात. बिल न थांबवता नुसत्या शोने उघडलेल्या खिडकीसाठी मात्र इव्हेंट, म्हणजे निवड झाल्याचं कळवायची सोय, लावावा.

शोधखिडकीला आता बिलाची ओळखच नाही, त्यामुळे तीच उधारीच्या खात्यातही वापरता आली.