कुकरात ज्वारीची नानकटाई

आपल्या मराठवाड्यात घरी मालदांडी ज्वारीचं पीठ असतंच, पण नुसत्या ज्वारीची नानकटाई हातात घेतली की भुगा होतो, ज्वारीत ग्लुटेन नसतं ना, म्हणून १ वाटी ज्वारीला अर्धी वाटी गव्हाचं पीठ घ्याच. पाऊण वाटी थिजलेलं तूप अन् तेवढाच बारीक किसलेला गूळ भरपूर फेसायचा, मग पीठ, चिमूटभर सोडा घालून गोळे करायचे, वरून तीळ. पाणी नको. कुकरची शिट्टी अन् रिंग दोन्ही काढा (हे आधी!), तळाला जाड मीठ, त्यावर स्टँड, १० मिनिटं तापवून मग नानकटाईची ताटली आत ठेवून मंद गॅसवर साधारण २० मिनिटं. गरम असताना मऊच लागते, कच्ची समजून परत ठेवू नका, गार झाली की खुसखुशीत. तळाचं मीठ पुढच्या वेळी परत चालतं.