जुन्या स्पीकरचा बेस (खालचा, घुमणारा आवाज) परत आला, माझा अनुभव

पुण्याच्या जुन्या बाजारातनं रविवारी ऐंशीच्या दशकातली स्पीकरची जोडी उचलली, 8 इंची वूफर (बेस काढणारा मोठा भाग), लाकडी खोकी, वजन असं की रिक्षात चढवताना दम लागला. घरी लावले तर आवाज फाटका, घरघर. जाळी काढली तर कोनच्या (आवाज काढणाऱ्या कागदी पडद्याच्या) कडेचा फोम बोट लावताच भुगा होऊन पडला. हा फोम 15-20 वर्षांत सडतोच, वापरा नाहीतर ठेवून द्या, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, कोन आणि कॉइल (कोनमागचं तारेचं वेटोळं, तेच कोन हलवतं) धड असली की झालं.

नवीन फोमच्या रिंगा मागवल्या, जुना फोम आणि गोंद हळूहळू खरवडला (दोन संध्याकाळी यातच गेल्या, घाई केली तर कागदी कोन फाटतो), मग रिंग चिकटवून कोन बोटांनी हलकेच आतबाहेर करत कॉइल कुठे घासतेय का ते कान लावून ऐकलं आणि 24 तास हात लावला नाही.

घरघर गेली पण बेस गायब! शेवटी 1.5 व्होल्टचा सेल लावून बघितलं, प्लस लाल टर्मिनलला दिला की कोन बाहेर यायला हवा, एकाचा आत जात होता. म्हणजे आधी कुणीतरी आतल्या वायरी उलट्या जोडलेल्या, एकाचा कोन बाहेर तेव्हा दुसऱ्याचा आत, त्यामुळे दोघं एकमेकांचा बेस खात होते. त्या वायरी सुलट जोडल्या, स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे ओढले.

आता तबल्याचा डग्गा असा घुमतो की काल आई स्वयंपाकघरातनं येऊन बसली, म्हणाली अजून एक लाव.