बिस्बीला निघण्याआधी

अमेरिकेत मुलांकडे आलेल्या आई-बाबांना नायगारा दाखवून झाला असेल, व्हेगसही झालं असेल, तर पुढची सहल अ‍ॅरिझोनातल्या बिस्बीची ठरवा. मेक्सिकोच्या सीमेजवळ, म्यूल डोंगरांच्या घळीत वसलेलं हे तांब्याच्या खाणीचं गाव. १८८० साली वसलं, १९७५ साली खाणकाम थांबलं. कामगार निघून गेले, घरं कवडीमोलानं विकायला निघाली आणि चित्रकार, कुंभार, हिप्पी अशी मंडळी तिथे येऊन राहिली. गाव देखणं आहे, पण सोयीचं मुळीच नाही. म्हणून आधी थोडी तयारी.

पहिलं काम म्हणजे वार बघणे. सोमवारी-मंगळवारी गेलात तर निम्म्या दुकानांना टाळं आणि जेवायला कुठे जायचं हा प्रश्न. गुरुवार ते रविवार बरा. ऑक्टोबरात इथे पायऱ्या चढण्याची मोठी शर्यत असते. नऊ जिने, हजारावर पायऱ्या. त्या शनिवार-रविवारी भाग घ्यायचा नसेल तर जाऊच नका, खोली मिळायची नाही. जुलै ते सप्टेंबर दुपारनंतर वळवासारखा पाऊस कोसळतो आणि घळीतलं गाव असल्यामुळे पाणी रस्त्यावरून वाहतं. त्या दिवसांत फिरणं सकाळी उरकावं.

पायऱ्यांचं प्रकरण मात्र गंभीर आहे. घरं डोंगराच्या उतारावर एकावर एक रचलेली, आणि बऱ्याच घरांपर्यंत गाडीचा रस्ताच जात नाही. काँक्रीटचे जिने १९३०च्या दशकातल्या मंदीत सरकारी रोजगार योजनेतून बांधलेले, अजून वापरात आहेत. तेव्हा खोली घेताना फोटो कमी बघा आणि मालकाला सरळ विचारा: गाडी लावतो तिथपासून दारापर्यंत पायऱ्या किती? बाबांचे गुडघे कुरकुरत असतील तर मेन स्ट्रीटच्या पातळीवरचं हॉटेल बघा, आणि जुन्या इमारतीत लिफ्ट आहे का तेही विचारून घ्या. १९०२ सालचं कॉपर क्वीन हॉटेल प्रसिद्ध आहे. तिथे भुतं राहतात असं गावकरी हौसेनं सांगतात, त्यामुळे आईला आधी सांगायचं की नाही हे तुम्हीच ठरवा. भारतातून आणलेली तेवीस किलोची चाकांची बॅग घरीच राहू द्या. पाठीवरची पिशवी पुरे. गाव सुमारे साडेपाच हजार फुटांवर, म्हणजे जवळपास कळसूबाईच्या शिखराच्या उंचीवर आहे. दम लागला तर वयाला दोष देऊ नका.

बंद पडलेल्या भूमिगत खाणीतली फेरी आधीच आरक्षित करा, ऐनवेळी जागा मिळेल या भरवशावर राहू नका. लहान मूल सोबत असेल तर वयाची अट तेव्हाच विचारा. बाहेर उन्हाळा असला तरी आत बारा महिने सुमारे ४७ फॅरनहाइट, म्हणजे ८ सेल्सियसच्या आसपास असतं. स्वेटर हवाच, पायात बंद बूट हवेत. डोक्यावर हेल्मेट, अंगात पिवळा रेनकोट आणि खाणकामगारांचा दिवा ते देतात. छोट्या खाणगाडीच्या अरुंद बाकावर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावं लागतं, म्हणून आईनं त्या दिवशी साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालावा. बंद जागेत ज्यांचा जीव घाबरतो त्यांनी बाहेर थांबून लॅव्हेंडर पिट बघावा. हायवेला लागूनच नऊशे फूट खोल उघडी खाण आहे, जाळीपाशी उभं राहून बघता येते आणि तिकीट नाही. तिला हॅरिसन लॅव्हेंडर या खाण अधिकाऱ्याचं नाव दिलंय, जांभळं काही दिसेल या आशेनं जाऊ नका. तिथून पुढे लोवेल. या खाणीनं त्या वस्तीचा बराचसा भाग गिळला. उरलेल्या एका रस्त्यावर पन्नासच्या दशकातल्या पाट्या आणि मोटारी जपून ठेवल्यात.

गावातल्या खाणकामाच्या संग्रहालयाला मात्र तासभर राखून ठेवा. १२ जुलै १९१७ रोजी संपावरचे कामगार आणि त्यांचे पाठीराखे अशा सुमारे बाराशे जणांना बंदुकीच्या धाकानं गुरांच्या डब्यांत कोंबून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन सोडलं, ती हकिगत तिथे आहे. रंगीत दरवाज्यांचे फोटो काढण्याआधी ती वाचावी असं माझं मत.

शाकाहारी असाल तर मेक्सिकन जेवणावर निभावतं, पण राजम्यासारख्या वाटलेल्या बीन्समध्ये लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, असते का आणि भात चिकनच्या पाण्यात शिजवलाय का, हे विचारल्याशिवाय मागवू नका. थेपले, चटणी, मेतकूट सोबत असलेलं चांगलं. पाणी भरपूर घ्या. कोरड्या हवेत घाम येतो तो कळतही नाही. रोजची औषधं मूळ पाकिटासकट हातातल्या पिशवीत असू द्या.

टूसानहून गाडीनं दोन तासांच्या आत पोचता. पेट्रोल बेन्सन किंवा सिएरा व्हिस्टाला भरून घ्या, नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. सीमा इतकी जवळ आहे की फोन मधूनच मेक्सिकोचं नेटवर्क पकडतो, तेव्हा रोमिंग बंद. अ‍ॅरिझोनात बहुतेक ठिकाणी घड्याळ उन्हाळ्यातही बदलत नाही, त्यामुळे भारताशी फरक कायम साडेबारा तासांचा. मावशीला फोन करायला सोपं.

आणि पासपोर्ट. देशांतर्गत प्रवास म्हणून तो घरी ठेवायचा विचार मनात आणू नका. परतताना उत्तरेकडे जाणाऱ्या हायवेवर सीमा पोलिसांचं तपासणी नाकं लागू शकतं. आई-बाबांचे मूळ पासपोर्ट आणि आय-९४ची, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या सरकारी नोंदीची, छापील प्रत डिकीतल्या बॅगेत न ठेवता पुढच्या कप्प्यात ठेवा. प्रश्न विचारला तर ज्याला विचारलाय त्यालाच उत्तर देऊ द्या. बहुधा नागरिकत्व आणि कुठून आलात असंच काही विचारतात, आणि बाबांचं इंग्रजी तेवढ्यासाठी पुरेसं आहे.