आधी हिरवी सुई, मग एपीआर

ही यादी सिम्युलेटरमधल्या सेस्ना १७२ साठी आहे, जी१००० या डिजिटल पडद्यांची. उड्डाण पुण्याहून मुंबईला, उतरायचं २७ नंबरच्या धावपट्टीवर आयएलएसने, म्हणजे रेडिओ लहरींनी धावपट्टीपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेने. ठाणे-नवी मुंबईकरांसाठी हा रस्ता सरावाला सगळ्यात सोयीचा, कारण खालचा भूगोल पाठ असतो आणि विमान चुकीच्या जागी आलं की लगेच कळतं. यादी लिहायचं कारण एकच: मागच्या वेळी सीडीआय (पडद्यावरच्या सुईचा स्रोत जीपीएस की आयएलएस हे ठरवणारं बटण) बदलायचं राहिलं आणि सगळा अप्रोच, म्हणजे उतरायचा शेवटचा टप्पा, वाया गेला. त्यामुळे सीडीआय हा शब्द पुन्हा पुन्हा येईल, कंटाळू नका.

इंधन, वजन, जॉयस्टिक जोडणं हे सांगत बसत नाही. फक्त जॉयस्टिक मधोमध असताना थरथरत असेल तर डेड झोन (मधली बारीक हालचाल न मोजणारी जागा) थोडा वाढवा, नाहीतर ती ऑटोपायलटशी भांडत राहते. पावसाळ्यात संगणक यूपीएसवर ठेवा.

आता प्लॅन. पुणे व्हीएपीओ, मुंबई व्हीएबीबी. सिमब्रीफ या वेबसाइटवर बनवा किंवा सिमच्या नकाशावर, पण दोन्हीकडचा नेव्हिगेशन डेटा एकाच सायकलचा हवा. हा डेटा दर २८ दिवसांनी बदलतो आणि जुना असला की पॉइंट सापडत नाहीत. नवी मुंबई विमानतळावरून उडायचा मोह होईल, पण तिथली उड्डाणं २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाली, त्याआधीच्या डेटात ते शोधू नका.

पुणे ते मुंबई सरळ रेष ओढू नका. ती रेष फायनलला (धावपट्टीसमोरच्या शेवटच्या सरळ वाटेला) थेट धावपट्टीपाशीच भेटते, आयएलएस पकडायला जागाच उरत नाही. धावपट्टीची मधली रेष पूर्वेकडे १२ नॉटिकल मैल वाढवा, ती तळोज्याच्या आसपास येते. तिथे एक पॉइंट टाका. पुण्याहून त्या पॉइंटकडे येताना हेडिंग (दिशा) साधारण ३०० अंश पडतं, म्हणजे फायनलला ३० अंशांचा कोन आपसूक मिळतो. वाटेत राजमाची, मग माथेरान. क्रूझ ८,००० फूट ठेवा, घाटाची काळजी नको.

मग प्रोसिजरमध्ये आयएलएस २७ लोड करा. पुण्यात जमिनीवरच, हवेत नाही. लोड झाल्यावर नॅव्ह १ रेडिओमध्ये चार्टवरचीच फ्रिक्वेन्सी आली आहे का आणि ती स्टँडबायमध्ये तर नाही ना, हे डोळ्यांनी बघा. बहुतेक वेळा ती आपोआप येते, पण ‘बहुतेक’वर विमान उतरवायचं नसतं.

क्यूएनएच (अल्टिमीटरला लावायचा त्या जागेचा हवेचा दाब) लावा. पुण्याचं पुण्यात, मुंबईचं उतरताना. पावसाळ्यात मुंबईचा दाब १००३-१००४ पर्यंत खाली असतो. अल्टिमीटर १०१३ वर राहिला तर प्रत्येक हेक्टोपास्कलला अंदाजे २८ फूट, म्हणजे पावणेतीनशे फुटांची चूक. तीही घातक बाजूने, कारण काटा खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवतो.

उड्डाणाआधी अल्टिट्यूड नॉबवर ८,००० लावून ठेवा. एचडीजी (हेडिंग) नॉब दाबला की हेडिंग बग, म्हणजे दिशेची खूण, विमानाच्या नाकाशी जुळतो, तोही दाबा. हे केलं नाही तर एचडीजी बटण दाबताच विमान भलतीकडे वळतं. जमिनीपासून १,००० फूट वर आल्यावर, ट्रिम (हात सोडला तरी नाक स्थिर ठेवणारी जुळवणी) बसवून, मगच एपी, म्हणजे ऑटोपायलट. ऑटोपायलट बिघडलेलं ट्रिम सावरायला नाही.

चढताना व्हीएस (ठरलेल्या दराने चढ-उतार) वापरू नका, एफएलसी (ठरलेला वेग धरून चढ-उतार) वापरा, वेग ८० नॉट. सेस्नाला ऑटोथ्रॉटल (इंजिनाची शक्ती आपोआप कमी-जास्त करणारी सोय) नाही. व्हीएसवर मिनिटाला ७०० फूट मागितले तर वर हवा विरळ झाल्यावरही ऑटोपायलट ते ७०० देण्यासाठी नाक उचलत जातो, वेग गळतो आणि विमान स्टॉलला येतं. आणि एएलटी बटण म्हणजे ‘नॉबवरच्या उंचीला जा’ नव्हे. ते दाबलं की विमान आत्ता आहे त्या उंचीला थांबतं.

वर पोचल्यावर नॅव्ह (सुईची रेष धरायला सांगणारं बटण) दाबा. सुई मॅजेंटा (जांभळट गुलाबी) असेल, स्रोत जीपीएस. इथे हे बरोबरच आहे, आणि म्हणूनच पुढे फसायला होतं: सगळं नीट चाललेलं असतं, मॅजेंटा रेष विमान चोख धरते, आणि बदलायची आठवण राहत नाही.

राजमाचीवर उतरणं सुरू करा. ८,००० वरून ३,००० म्हणजे ५,००० फूट, ५०० फूट प्रति मिनिट दराने १० मिनिटं, १२० नॉटला २० मैल. राजमाची ते तळोजा पॉइंट साधारण तेवढंच. आधी नॉबवर ३,०००, मग व्हीएस, मग थ्रॉटल कमी.

आता खरं काम. माथेरान मागे पडलं की क्रम असा. आधी एचडीजी. मग सीडीआय. मग एपीआर, म्हणजे अप्रोच धरायला सांगणारं बटण. नॅव्ह चालू असतानाच सीडीआय बदललं तर ऑटोपायलट रोल मोडला पडतो आणि विमान कुठेही धरलेलं राहत नाही, म्हणून एचडीजी आधी. सीडीआय एकदाच दाबा. दोनदा दाबलं तर नॅव्ह २ रेडिओ येतो. सुईजवळ एलओसी१ (लोकलायझर, म्हणजे आयएलएसची धावपट्टीच्या रेषेची लहर) लिहिलेलं दिसलं पाहिजे आणि सुई हिरवी झाली पाहिजे. हिरवी. मॅजेंटा नाही.

सीडीआय राहिलं तर काय होतं? एपीआर दाबल्यावर वर काहीतरी अक्षरं उमटतात, विमान धावपट्टीच्या रेषेत वळतं, मन निश्चिंत होतं. पण उजवीकडे ग्लाइडस्लोपचा (आयएलएसने दाखवलेल्या उताराचा) हिरवा चौकोनी मणी येतच नाही. विमान ३,००० फुटांवरच राहतं, वाशी-कोपरखैरणे, खाडी, घाटकोपर ओलांडून धावपट्टीवरून सरळ पुढे निघून जातं. वाशीच्या गच्चीवरून उतरणारी विमानं दिसतात ना, ती तिथे, म्हणजे ७ मैलांवर, साधारण २,२०० फुटांवर असतात. तुम्ही वाशीवर ३,००० ला असाल तर सीडीआय बघा. काही जी१००० स्वतःच जीपीएसवरून लोकलायझरवर जातात. त्यावर अवलंबून राहू नका, सुई हिरवी झालेली स्वतः बघा.

एपीआरनंतर एलओसी आणि जीएस (ग्लाइडस्लोप) पांढरे म्हणजे वाट बघत आहेत, हिरवे म्हणजे धरले. ३,००० ला राहिलात तर धावपट्टीपासून साधारण ९ मैलांवर जीएस हिरवा होईल. ग्लाइडस्लोप खालूनच पकडायचा.

जीएस हिरवा झाला की वेग ९०, फ्लॅप १०. पुढे आणखी फ्लॅप, ६५-७० नॉट. ५०० फुटांवर एपी बंद, हाताने उतरा. मणी वर न राहता खाली गेला तर नाक दाबून त्याच्या मागे लागू नका. पॉवर पूर्ण, फेरी मारून परत या, आणि पुन्हा एचडीजी, सीडीआय, एपीआर.